टेबलावरच्या माइकची दीडशे वर्षं



रोजच्या वापरातल्या वस्तू आपल्यापर्यंत कुठून आल्या, हे आपण या मालिकेत बघतो. आजची वस्तू आहे माइक, आणि त्यातही गेम खेळताना सवंगड्यांशी बोलायला टेबलावर ठेवतात तो. आज हा प्रश्न घरोघरी आहे. मुलगा किंवा मुलगी म्हणते, ‘माझं बोलणं पलीकडे कुणाला नीट कळत नाही, माइक घेऊन द्या.’ मग आई-बाबा आणि मूल मिळून मोबाइलवर शोधायला बसतात. समोर शंभर वस्तू येतात, काहींना रंगीत दिवे असतात, काहींवर ‘स्टुडिओ’ असं लिहिलेलं असतं, किमतीत दहा-दहा पटींचा फरक असतो. यातून निवडायचं कसं?

माझं म्हणणं असं, की या प्रश्नाचं उत्तर नव्या जाहिरातींपेक्षा जुन्या इतिहासात जास्त स्वच्छ सापडतं. आजच्या माइकमधला जवळजवळ प्रत्येक गुण कुणीतरी, कुठल्यातरी अडचणीपायी शोधून काढलेला आहे. ती अडचण समजली की तो गुण आपल्याला हवा की नको, हे आपोआप कळतं.

कोळशापासून सुरुवात

‘मायक्रोफोन’ हा शब्द यंत्रापेक्षा जुना आहे. १८२७ मध्ये चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने तो वापरला, पण त्याचं उपकरण विजेचं नव्हतं, बारीक आवाज कानापर्यंत पोचवण्याचं ते साधन होतं. विजेची गोष्ट सुरू होते १८७६ मध्ये, अलेक्झांडर ग्रॅहम बेलच्या टेलिफोनपासून. बेलचा टेलिफोन बोलायचा खरा, पण फार हळू. तार जरा लांबली की पलीकडे काही कळेना.

तो प्रश्न सुटला कोळशामुळे. कोळसा दाबला की त्यातून वीज सहज वाहते, दाब सुटला की कमी वाहते. आवाज म्हणजे हवेचा कमी-जास्त होणारा दाब. तो पडद्यावर पडू द्यायचा, पडद्यामागे कोळसा ठेवायचा, की आवाजाची नक्कल विजेत उतरते. १८७७-७८ च्या सुमारास एमिल बर्लिनर, थॉमस एडिसन आणि डेव्हिड ह्यूज हे तिघे वेगवेगळ्या वाटांनी याच कल्पनेपाशी पोचले. बर्लिनर आणि एडिसन यांच्यातला पेटंटचा वाद पुढे अनेक वर्षं कोर्टात चालला. ह्यूजने मात्र आपल्या शोधाचं पेटंट घेतलंच नाही, सगळ्यांना खुला करून टाकला. त्याचं उपकरण इतकं नाजूक होतं, की त्यावर माशी चालली तरी तिच्या पावलांचा आवाज ऐकू येई, असं त्या वेळी सांगितलं जायचं.

याच काळात हेन्री हनिंग्ज या इंग्रज पाद्र्याने कोळशाच्या तुकड्याऐवजी कोळशाचे दाणे वापरले आणि आवाज आणखी मोठा झाला. हे दाणेवाले माइक पुढे जवळपास शंभर वर्षं टेलिफोनमध्ये टिकले. ज्यांच्या घरी जुना काळा फोन होता त्यांना आठवत असेल, आवाज बसला की रिसीव्हर हातावर आपटायचा. ती नुसती चिडचिड नव्हती. आतले दाणे एकमेकांना चिकटून बसायचे आणि आपटल्यावर मोकळे व्हायचे.

आता इथला पहिला धडा बघा. कोळशाचा माइक खरखरायचा. टेलिफोनच्या तारेतून जायचा तो आवाजाचा अरुंद पट्टा, साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ. माणसाचं कान त्याच्या कितीतरी पलीकडचं ऐकतं. तरीही त्या फोनवरून व्यापार झाले, लग्नं ठरली, डॉक्टर बोलावले गेले. म्हणजे शब्द कळणं ही एक गोष्ट आहे आणि आवाज सुंदर लागणं ही वेगळी. गेममध्ये ‘डावीकडे दोघं आहेत’ हे पलीकडे कळायला हवं. त्यासाठी गवयाच्या स्टुडिओतला माइक लागत नाही.

रेडिओ आला आणि माइक टेबलावर बसला

१९१६ मध्ये अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत ई. सी. वेंटे याने वेगळ्या जातीचा माइक तयार केला. यात कोळसा नाही. एक ताणलेला पातळ धातूचा पडदा आणि त्याच्या मागे अगदी जवळ दुसरी पट्टी, दोघांमध्ये विजेचा भार. पडदा हलला की मधलं अंतर बदलतं आणि तेवढ्या प्रमाणात वीज बदलते. हा कंडेन्सर माइक. त्यात खरखर नव्हती आणि आवाज खूप खरा होता, पण त्याला बाहेरून बराच विद्युतदाब लागे आणि शेजारीच अ‍ॅम्प्लिफायर ठेवावा लागे. आजही स्टुडिओतल्या अनेक कंडेन्सर माइकना ४८ व्होल्टचा पुरवठा द्यावा लागतो. म्हणून ते थेट कॉम्प्युटरला जोडता येत नाहीत, मध्ये एक वेगळा डबा लागतो. विकत घेताना हे न बघितल्यामुळे माइक घरी येतो आणि चालत नाही, असं बऱ्याच जणांचं होतं.

१९२० च्या दशकात रेडिओ केंद्रं उभी राहू लागली. आपल्याकडे २३ जुलै १९२७ रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या केंद्राचं उद्घाटन झालं आणि पुढच्याच महिन्यात कलकत्त्याचं केंद्र सुरू झालं. बोलणारा माणूस शांत खोलीत, टेबलापाशी, माइकसमोर बसलेला, हे दृश्य त्या काळातलं. टेबलावरच्या माइकची आपल्या मनातली प्रतिमा तिथून आली. पण त्या दृश्यातला ‘शांत खोली’ हा शब्द आपण विसरतो. त्या खोलीच्या भिंतींवर जाड पडदे असत आणि दार घट्ट बंद असे. आपल्या घरात डोक्यावर पंखा, स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी, खाली रस्त्यावर हॉर्न. तोच माइक इथे आणला तर तो प्रामाणिकपणे सगळंच ऐकवणार.

मागचं ऐकू न येणारा माइक

गोंगाटातून एकच आवाज कसा उचलायचा, हा प्रश्न मोठा झाला तो लाउडस्पीकरमुळे. माइक आणि लाउडस्पीकर एकाच मंडपात असले की लाउडस्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होऊन बाहेर येतो आणि कान फाटेल अशी शिट्टी वाजते. लग्नाच्या हॉलमध्ये आपण सगळ्यांनी ती ऐकलेली आहे.

या काळात माइकच्या आणखी दोन जाती आल्या होत्या. एक रिबनची, धातूची अगदी पातळ पट्टी चुंबकात टांगलेली. दुसरी डायनॅमिक, म्हणजे पडद्याला चिकटवलेली तारेची गुंडाळी चुंबकात हलते ती. १९३१ मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिकने डायनॅमिक माइक बाजारात आणला. तो दणकट होता आणि त्याला बाहेरून वीज लागत नव्हती. पण दिशेचा प्रश्न होताच. एकाच दिशेचं ऐकणारे माइक तेव्हा बनत, पण त्यात दोन वेगवेगळे माइक एका डब्यात कोंबावे लागत.

१९३९ मध्ये शुअर कंपनीतल्या बेंजामिन बाउअर याने ते एकाच पडद्यात साधलं. त्याची युक्ती समजायला सोपी आहे. माइकच्या मागच्या बाजूलाही आवाज आत शिरायला वाट ठेवायची, पण ती वाट थोडी लांबवायची. मागून आलेला आवाज मग पडद्याच्या पुढच्या आणि मागच्या अंगाला एकाच वेळी पोचतो, दोन्हीकडून सारखाच ढकलतो आणि पडदा हलतच नाही. समोरून आलेला आवाज मात्र पुढच्या अंगाला आधी पोचतो आणि पडदा हलतो. असा माइक कुठून किती ऐकतो, हे कागदावर काढलं तर हृदयासारखी आकृती होते, म्हणून त्याला कार्डिऑइड म्हणतात. बाउअरचा तो युनिडाइन माइक म्हणजे जुन्या सिनेमात आणि फोटोंत दिसणारा चांदीच्या जाळीचा माइक.

आपल्या देशात लाउडस्पीकरचं नाव घेतलं की शिकागो रेडिओचं नाव घ्यावंच लागतं. नाव परदेशी, पण कंपनी मोटवाने कुटुंबाची. काँग्रेसच्या अधिवेशनांना आणि सभांना त्यांनी लाउडस्पीकर पुरवले. गांधीजींच्या आणि नेहरूंच्या जुन्या फोटोंत समोरच्या माइकवर हे नाव लिहिलेलं दिसतं. १९४२ मध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, तेव्हा त्यांना यंत्रसामग्रीची मदत करणाऱ्यांत नानिक मोटवाने होते. पोलिसांना पत्ता लागू नये म्हणून केंद्राच्या जागा सारख्या बदलत. नोव्हेंबरमध्ये छापा पडला आणि उषाबेनना अटक झाली. तेव्हा त्या बावीस वर्षांच्या होत्या. माइक ही किती मोठी गोष्ट असू शकते, याची ही आठवण. आपला आवाज कुणापर्यंत पोचावा आणि कुणापर्यंत पोचू नये, हा प्रश्न त्यांच्यासाठी तुरुंगाचा होता. गेमचं तसं काही नाही, पण प्रश्न आजही उरलाच आहे. त्याकडे शेवटी येऊ.

रणगाड्यातली शिकवण

दुसऱ्या महायुद्धात विमानात आणि रणगाड्यात बसलेल्या सैनिकांना एकमेकांशी बोलायचं होतं. इंजिनाचा आवाज इतका की शेजारच्याचं ओरडणंही ऐकू येत नसे. चार जणांची टोळी, वेळ कमी, सूचना छोट्या, चुकली तर नुकसान. आजच्या गेममधल्या बोलण्याशी सर्वांत जवळचं नातं रेडिओ स्टुडिओचं नसून या रणगाड्याचं आहे.

तिथे तीन उपाय वापरले गेले. पहिला, माइक जवळ आणायचा, अगदी ओठांवर किंवा गळ्यावर. अमेरिकी सैन्याचा ओठांवर बसणारा माइक दोन्ही बाजूंनी उघडा होता. दुरून आलेला इंजिनाचा आवाज दोन्ही बाजूंना सारखा पडून रद्द होई आणि ओठांजवळचा आवाज उरे. दुसरा उपाय, बटण दाबूनच बोलायचं, म्हणजे बाकी वेळ माइक बंद. तिसरा, ठरलेले छोटे शब्द वापरायचे. ‘रॉजर’ म्हणजे निरोप मिळाला, ‘विल्को’ म्हणजे सांगितलं तसं करतो.

यातला जवळ आणण्याचा उपाय सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक आहे. मोकळ्या हवेत बोलणाऱ्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. माइक ६० सेंटिमीटरवरून १५ सेंटिमीटरवर आणला तर तुमचा आवाज १२ डेसिबलने चढतो. पंख्याचा आवाज मात्र खोलीभर पसरलेला असतो, तो होता तेवढाच राहतो. एक रुपया खर्च न करता एवढा फरक पडतो. महागडा माइक मॉनिटरच्या मागे ठेवून हा फरक भरून काढता येत नाही.

माइक स्वस्त झाला तो दिवस

१९६२ मध्ये बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट या दोघांनी इलेक्ट्रेट माइक तयार केला. कंडेन्सर माइकला बाहेरून विजेचा भार द्यावा लागे, ही त्याची अडचण होती. या दोघांनी प्लॅस्टिकचा असा पातळ पडदा वापरला, ज्यात विजेचा भार एकदा भरला की वर्षानुवर्षं तसाच राहतो. मेणात असा भार कोंडण्याचा प्रयोग जपानच्या मोतोतारो एगुची यांनी खूप आधी केला होता. वेस्ट आणि सेसलर यांनी त्याचा टिकाऊ, छोटा आणि स्वस्त माइक केला. वेस्ट हे कृष्णवर्णीय अमेरिकी. त्या देशात वर्णभेदाचे कायदे अजून जिवंत होते, त्या काळात त्यांनी हे काम केलं.

यानंतर माइक ही दुर्मीळ वस्तू राहिली नाही. टेपरेकॉर्डर, फोन, श्रवणयंत्रं, सगळीकडे इलेक्ट्रेट शिरला. आज गेमिंगच्या नावाने विकले जाणारे बहुतेक माइक आणि हेडसेट आतून याच वंशाचे आहेत. खोक्यावर ‘कंडेन्सर’ लिहिलेलं असलं तरी आत बहुधा इलेक्ट्रेट असतो, आणि त्यात काही वाईट नाही.

गेममध्ये आवाज कसा आला

कॉम्प्युटरच्या बाजूने बघू. १९८९ मध्ये क्रिएटिव्ह कंपनीचं साउंड ब्लास्टर कार्ड आलं आणि घरच्या कॉम्प्युटरला माइक जोडता येऊ लागला. पण सुरुवातीची अनेक कार्डं एका वेळी एकच काम करत, आवाज वाजवायचा किंवा नोंदवायचा. गेमचा आवाज चालू असताना बोलणं म्हणून कठीण होतं. पुढे दोन्ही कामं एकदम करणारी कार्डं आली. माइकचं भोक गुलाबी असण्याची पद्धतही नव्वदच्या दशकाच्या अखेरीस रूढ झाली.

१९९९ च्या सुमारास एक छोटा प्रोग्राम आला. त्याचं नाव ‘रॉजर विल्को’. रणगाड्यातले आणि विमानातले शब्द बघा कुठे पोचले. तेव्हा इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून, जेमतेम ५६ किलोबिटने. त्यातच गेम आणि त्यातच आवाज. बटण दाबून बोलणं तिथे गरजेचंच होतं. मग टीमस्पीक आणि व्हेंट्रिलो आले. नोव्हेंबर २००२ मध्ये एक्सबॉक्स लाइव्ह सुरू झालं आणि त्याच्या सुरुवातीच्या संचात हेडसेटच दिलेला होता. २०१२ मध्ये ओपस नावाची आवाज आवळून पाठवण्याची खुली पद्धत प्रमाणित झाली आणि २०१५ मध्ये डिस्कॉर्ड आलं, ते हीच पद्धत वापरतं.

आपल्याकडची वाट थोडी वेगळी. २००० नंतर मोठ्या शहरांतल्या सायबर कॅफेत पोरं काउंटर-स्ट्राइक खेळत तेव्हा माइक लागतच नसे, सगळे एकाच खोलीत बसून ओरडत. माइकची गरज भासली ती प्रत्येक जण आपापल्या घरून खेळू लागला तेव्हा. २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाला, २०१८ मध्ये पबजी मोबाइल आला आणि इंदूरचं पोरगं, बेळगावचं पोरगं आणि सुरतचं पोरगं एका टोळीत बोलू लागलं. सप्टेंबर २०२० मध्ये त्यावर बंदी आली, २०२१ मध्ये त्याचा भारतीय अवतार आला, पण बोलत खेळण्याची सवय काही सुटली नाही.

टेबलावरचे यूएसबी माइक याच्याशी समांतर आले, पण ते पॉडकास्ट करणाऱ्यांसाठी. ब्लू कंपनीचा स्नोबॉल साधारण २००५ चा, तिचाच यती २००९ चा. गेम खेळताना थेट प्रक्षेपण करणाऱ्यांनी ते उचलले, मग गेमिंगच्या कंपन्यांनी लाल-निळे दिवे लावून आपले माइक आणले. २०१८ मध्ये लॉजिटेकने ब्लू विकत घेतली. दिव्यांचा उपयोग फार तर बटण चालू आहे की बंद हे दाखवण्यापुरता. आवाज उचलायचं काम अजून वेंटे, बाउअर, सेसलर आणि वेस्ट यांच्या कल्पनाच करतात.

मग निवडायचं काय?

पहिलं, घ्यायलाच हवा का ते बघा. नुसतं बोलत खेळायचं असेल तर तारेचा साधा हेडसेट ओठांजवळ असतो, आणि रणगाड्याचा नियम त्याच्या बाजूने आहे. ब्लूटूथचा हेडसेट असेल तर माइक सुरू होताच गेमचा आवाज फोनसारखा चपटा होतो, कारण जुन्या ब्लूटूथ पद्धतीत दोन्हींना पुरेशी जागा मिळत नाही. तिथे वेगळा माइक उपयोगी पडतो. आवडते हेडफोन आधीच असतील, किंवा त्याच माइकवर ऑनलाइन शिकवणी, मुलाखत, गाणं असं काही करायचं असेल, तरी टेबलावरचा माइक घेण्यात अर्थ आहे.

दुसरं, कार्डिऑइडच घ्या. चारही दिशांचं ऐकणारा माइक बैठकीसाठी ठीक. कार्डिऑइडची पाठ बहिरी असते, म्हणून कीबोर्ड किंवा पंखा त्या पाठीकडे येईल असा माइक ठेवा. समोरचा भाग कुठला, हे आधी नीट बघा. यतीसारख्या माइकमध्ये टोकाकडून नव्हे, बाजूने बोलायचं असतं.

तिसरं, ‘डायनॅमिक माइक गोंगाट घेत नाही’ असं सर्रास सांगितलं जातं. तो कमी घेतो, कारण तो तोंडाजवळ वापरला जातो. तेवढ्याच अंतरावर तेवढ्याच दिशेचा कंडेन्सर ठेवला तर फरक थोडाच उरतो. म्हणून पैसे उरत असतील तर माइक तोंडाशी आणणाऱ्या आर्मवर घाला. कीबोर्डचे धक्केही मग टेबलातून माइकपर्यंत कमी पोचतात.

चौथं, गोंगाट गाळणाऱ्या सॉफ्टवेअरची आधी परीक्षा घ्या. २०२० पासून डिस्कॉर्डमध्ये तशी सोय आहे. ती पंखा छान गाळते, पण जास्त गाळलं की शब्दांचे तुकडे पडतात. आणि डिस्कॉर्डच्या साध्या व्हॉइस चॅनेलवर आवाज ६४ किलोबिटमध्ये आवळला जातो. महागड्या माइकमधलं बारीक सौंदर्य त्या वाटेवर बरंचसं विरून जातं.

पाचवं आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं, माइकवर बंद करण्याचं बटण हवं आणि ते हाताशी हवं. आवाजातून वय कळतं, मुलगा की मुलगी ते कळतं, कुठल्या प्रांतातला आहे ते कळतं. अनेक मुली अनोळखी टोळीत माइक बंदच ठेवतात, कारण तोंड उघडताच काय ऐकावं लागेल हे त्यांना ठाऊक असतं. शिवाय घरातलं भांडण, आजोबांचं आजारपण, कुणी मोठ्याने सांगितलेला ओटीपी, हे सगळं उघड्या माइकमधून बाहेर जातं. बटण दाबून बोलण्याची सैन्यातली पद्धत इथे आपल्या कामाची आहे. मुलाला माइक घेऊन देताना ती सवयही लावून द्या.

दीडशे वर्षं माणसं एकाच गोष्टीसाठी झटली, की हजार आवाजांतून हवा तो एक आवाज पलीकडे पोचावा. त्यांचं काम आज पाकिटात मावेल इतकं स्वस्त झालंय. आपण फक्त तो तोंडाजवळ ठेवायचा, बहिरी पाठ गोंगाटाकडे करायची आणि बोलायचं नसेल तेव्हा बंद करायचा.

पुढच्या भागात हेडफोनचा इतिहास बघू. तोवर नमस्कार.